विद्यार्थिदशेतील छायाचित्रांची पुनर्भेट : दयानिता सिंग यांच्या ‘झाकिर हुसेन माकेट’चा समीक्षात्मक विचार

प्रास्ताविक

कलावंताच्या उमेदवारीच्या काळातील निर्मितीकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ आहेत. पहिल्या रीतीत ती निर्मिती अपक्व मानून बाजूला ठेवली जाते. दुसरीत पुढील थोरवीची बीजे तिच्यात हटकून शोधली जातात. वरवर परस्परविरुद्ध वाटणाऱ्या या दोन्ही रीतींत एक समान दोष आहे. दोन्हींमध्ये प्रत्यक्ष निर्मिती पाहिलीच जात नाही. पाहिला जातो तो नंतरचा कलावंत. त्यातही तो कलावंत स्वतःच आपल्या विद्यार्थिदशेतील कामाकडे परत वळला, तर समीक्षेपुढील प्रश्न अधिक अवघड होतो. अशा वेळी आत्मपरीक्षण कोठे संपते आणि आत्मगौरव कोठे सुरू होतो, हे ठरवणे भाग पडते.

भारतीय छायाचित्रणात या प्रश्नाचा विचार करण्यासाठी दयानिता सिंग यांचे ‘झाकिर हुसेन माकेट’ हे २०१९ साली जर्मनीतील स्टाइडल या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केलेले पुस्तक विशेष उपयुक्त आहे. अहमदाबाद येथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेत (एनआयडी) शिकत असताना सिंग यांनी तबलावादक उस्ताद झाकिर हुसेन यांच्यावरील आपल्या पहिल्या पुस्तकाची हाताने एक कच्ची प्रत तयार केली होती. छापखान्याच्या भाषेत जिला ‘डमी’ म्हणतात, तिलाच फ्रेंचमध्ये ‘माकेट’ असा शब्द आहे. १९८६ मधील त्या डमीची हुबेहूब प्रतिकृती तीन दशकांहून अधिक काळानंतर प्रसिद्ध झाली. प्रस्तुत लेखात या पुनर्भेटीचे स्वरूप, तिची फलश्रुती आणि तिच्या मर्यादा तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

स्वाध्यायातून घडलेले नाते

सिंग यांचा जन्म १९६१ साली नवी दिल्ली येथे झाला. एनआयडीमध्ये त्यांनी १९८० ते १९८६ या काळात दृक्‌संवाद या विषयाचे शिक्षण घेतले. म्हणजेच त्यांचे मूळ प्रशिक्षण छायाचित्रकाराचे नसून अक्षररचना, पानाची मांडणी आणि पुस्तकाचे आरेखन यांचे होते. कॅमेरा त्यांच्या हाती आला तो अभ्यासक्रमाचा भाग म्हणून. ही बाब तपशिलाची वाटली तरी पुढील सर्व विवेचनाचा पाया तीच आहे.

वर्गातील एका स्वाध्यायासाठी झाकिर हुसेन यांच्या मैफलीची छायाचित्रे घेण्यास त्या गेल्या असता आयोजकांनी त्यांना अडवले आणि त्या झटापटीत त्या पडल्या. आज आपण विद्यार्थिनी असलो तरी एक दिवस मोठी छायाचित्रकार होऊ, मग पाहू, अशा आशयाचे उद्गार त्यांनी थेट झाकिर हुसेन यांना उद्देशून काढले. ही आठवण सिंग यांनी मुलाखतींतून अनेकदा सांगितली आहे. उस्तादांनी त्यांना छायाचित्रे घेण्याची मुभा दिली आणि त्यातून पुढे सहा हिवाळ्यांचा सहप्रवास घडला. हिवाळा हा उत्तर भारतातील मैफलींचा हंगाम असतो. त्या हंगामात सिंग या वादकांच्या चमूबरोबर गावोगावी हिंडल्या. रंगमंच, प्रवास, विश्रांतीचे क्षण आणि कुटुंब अशा चारही ठिकाणी त्यांचा कॅमेरा पोहोचला.

१९५१ साली मुंबईत जन्मलेले झाकिर हुसेन त्या वेळी तिशीचे होते. वडील उस्ताद अल्लारखाँ यांचा वारसा आणि ‘शक्ती’ या वाद्यवृंदामुळे लाभलेली आंतरराष्ट्रीय कीर्ती त्यांच्या पाठीशी होती. परंतु पद्मश्री (१९८८) हा पहिला पद्म सन्मानही त्यांना अद्याप मिळावयाचा होता. छायाचित्रकार आणि छायाचित्रविषय यांच्यात वयाचे अंतर दहा वर्षांचे होते. येथे एक विद्यार्थिनी एका तरुण कलावंताला पाहत होती, याचे भान ठेवले नाही तर आजच्या वाचकाला हे पुस्तक दोन प्रस्थापितांची भेट वाटण्याचा धोका आहे.

ताल आणि स्थिर चित्र

तबलावादनाचे छायाचित्र घेणे ही मुळातच एक विसंगती आहे. ताल हा काळात उलगडतो. छायाचित्र काळ थांबवते. वादकाच्या बोटांची गती टिपण्यासाठी शटर जलद ठेवावे तर हात गोठून जातो आणि लयीचा भास नाहीसा होतो. शटर मंद ठेवावे तर हात धूसर होतो आणि बोलाचा नेमकेपणा हरवतो. त्या काळातील फिल्मवर रंगमंचाच्या अपुऱ्या प्रकाशात काम करताना ही निवड आणखी कठीण होती. त्यामुळे संगीतविषयक छायाचित्रणाचा सोपा मार्ग एकच उरतो, आणि तो म्हणजे उडालेले केस, मिटलेले डोळे आणि समेवरचा आविर्भाव टिपणे. झाकिर हुसेन यांच्याबाबतीत तर हा मोह अधिकच मोठा होता. त्यांची मुद्रा आणि केशसंभार जाहिरातींनी पुढे घरोघरी पोहोचवला, हे सर्वज्ञात आहे.

या पेचावर एकाच उत्कृष्ट छायाचित्रात उत्तर सापडत नाही. ते सापडू शकते अनेक छायाचित्रांच्या क्रमात. एका पानावरील चित्रानंतर दुसऱ्या पानावर काय येते, कोणते चित्र मोठे आणि कोणते लहान, मोकळी जागा किती ठेवायची, मजकूर कोठे सुरू करायचा, या सर्व निर्णयांतून पुस्तकाला स्वतःची लय प्राप्त होते. वाचक पाने उलटतो तेव्हा थांबलेला काळ पुन्हा चालू होतो. आरेखनाच्या विद्यार्थिनीला हा मार्ग छायाचित्रणाच्या विद्यार्थ्यापेक्षा लवकर दिसावा, हे स्वाभाविक होते. सिंग यांच्या पहिल्याच प्रकल्पाने ग्रंथरूप घेतले याचे कारण त्यांच्या प्रशिक्षणात आहे.

मुद्रित ग्रंथाऐवजी डमी

‘झाकिर हुसेन’ हे पुस्तक १९८६ मध्ये छापून प्रसिद्ध झाले होते. त्यामुळे २०१९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती काढणे शक्य होते. वाढलेल्या जाणिवेनुसार छायाचित्रांची निवड बदलता आली असती, उत्तम मुद्रणही करता आले असते. सिंग यांनी तसे केले नाही. त्यांनी मुद्रित पुस्तकाच्याही मागे जाऊन छापखान्यात जाण्यापूर्वीची डमी जशीच्या तशी समोर ठेवली. समीक्षेच्या दृष्टीने ही निवड या प्रकल्पाचा सर्वांत अर्थपूर्ण भाग आहे.

मुद्रित पुस्तकात निर्णय झालेले असतात. डमीत ते होताना दिसतात. हाताने रचलेल्या पानात विद्यार्थ्याचा संकोच, हौस, प्रसंगी अनावश्यक पाल्हाळही शिल्लक असतो. त्या खुणा पुसण्याऐवजी प्रतिकृतीत जतन करणे म्हणजे आपल्या तेव्हाच्या बुद्धीला आजच्या बुद्धीने दुरुस्त न करणे होय. आत्मपरीक्षणाची ही प्रामाणिक रीत म्हणता येईल. जुन्या छायाचित्रांवर भाष्य करणारा कलावंत बहुधा त्यांतील निवडक चांगली चित्रे पुढे करतो. येथे मात्र पूर्ण रचना समोर येते आणि वाचकाला स्वतंत्र निर्णयाचा अधिकार मिळतो.

वाढीची वाट सरळ नाही

या पहिल्या पुस्तकापासून सिंग यांच्या पुढील ग्रंथनिर्मितीपर्यंत सरळ रेषा काढण्याचा मोह होतो. ‘सेंट अ लेटर’ (२००८) मधील घडीच्या सात छोट्या पुस्तिका, ‘फाइल रूम’ (२०१३) मधील दप्तरखान्यांची छायाचित्रे आणि पेटीत सामावणारे ‘म्यूझियम भवन’ (२०१७) हे सर्व ग्रंथ, पुस्तक हेच कलाकृतीचे अंतिम रूप मानणाऱ्या दृष्टीतून आले आहेत. छायाचित्र हा आपला कच्चा माल असून खरे काम त्यापुढे सुरू होते, अशी त्यांची भूमिका आहे. ‘म्यूझियम भवन’ला २०१७ मध्ये पॅरिस फोटो व अपर्चर यांचा वर्षातील सर्वोत्तम छायाचित्रग्रंथाचा पुरस्कार मिळाला, तर २०२२ मध्ये सिंग यांना हॅसलब्लाड पुरस्कार लाभला. १९८६ ची डमी हे या सर्वांचे मूळ, असे म्हणणे सोपे आहे.

वस्तुस्थिती मात्र अधिक गुंतागुंतीची आहे. १९८७-८८ मध्ये न्यूयॉर्कच्या इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफी येथे माहितीपर छायाचित्रणाचे शिक्षण घेतल्यानंतर सिंग यांनी काही वर्षे वृत्तछायाचित्रकार म्हणून काम केले. त्या व्यवसायात छायाचित्र संपादकाच्या हाती जाते. क्रम, आकार आणि सोबतचा मजकूर यांवर छायाचित्रकाराचे नियंत्रण राहत नाही. म्हणजे विद्यार्थिदशेत जे सर्वांत मोलाचे गवसले होते, तेच व्यावसायिक जीवनाच्या आरंभी हातून सुटले. व्यावसायिक होणे म्हणजे वाढणे, हे समीकरण येथे कोलमडते.

१९८९ मधील एक प्रसंग या संदर्भात महत्त्वाचा आहे. लंडनच्या एका वृत्तपत्रासाठी दिल्लीतील तृतीयपंथी समाजाची छायाचित्रे घेताना सिंग यांची मोना अहमद यांच्याशी ओळख झाली. ही चित्रे लंडनमध्ये छापली जाणार आहेत हे कळल्यावर मोना यांनी फिल्म परत मागितली आणि सिंग यांनी ती देऊन टाकली. वृत्तपत्राचे काम बुडाले. मैत्री मात्र २०१७ मध्ये मोना यांचे निधन होईपर्यंत टिकली. या मैत्रीतून ‘मायसेल्फ मोना अहमद’ (२००१) हे मोना यांच्याच शब्दांतील मजकुरासह पुस्तक झाले. सहा हिवाळे एका कलावंताच्या सान्निध्यात घालवलेल्या विद्यार्थिनीला माणसाबरोबर राहण्याचा जो धडा मिळाला होता, तोच येथे फळाला आला असे मानण्यास जागा आहे.

रियाझ या शब्दाचा अर्थ

झाकिर हुसेन यांना सिंग आपले पहिले गुरू मानतात. छायाचित्रणाविषयी उस्तादांनी त्यांना काही शिकवल्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी पाहिला तो रियाझ, म्हणजे एका गोष्टीवर सर्व लक्ष लावून ती पुन्हा पुन्हा करण्याची शिस्त. दुसऱ्या कलेतील गुरू करण्याची ही घटना आपल्या परंपरेत अपरिचित नाही. तथापि, छायाचित्रणात रियाझ म्हणजे काय, हा प्रश्न उरतोच. केवळ शटर दाबण्याची वारंवारता हा रियाझ नव्हे, कारण यंत्र ते काम विनासायास करते. घेतलेल्या चित्रांकडे परत येणे, त्यांची मांडणी मोडून पुन्हा करणे, एकाच चित्राला नव्या शेजारात ठेवून पाहणे, हा छायाचित्रकाराचा रियाझ होय. या अर्थाने २०१९ ची पुनर्भेट त्याच रियाझाचा भाग ठरते.

मर्यादा

या पुनर्भेटीत दोन धोके संभवतात आणि त्यांची नोंद करणे आवश्यक आहे. पहिला धोका मूल्यवृद्धीचा आहे. विद्यार्थ्याच्या हाताने चिकटवलेले पान उच्च दर्जाच्या मुद्रणात पुनर्निर्मित झाले की त्यातील उणीवही अलंकार वाटू लागते. पुस्तकावरील नाव झाकून ही पाने पाहिली तर किती पाने स्वबळावर उभी राहतील, हा प्रश्न प्रत्येक वाचकाने स्वतःला विचारावा असा आहे.

दुसरा धोका दृष्टीच्या मर्यादेचा आहे. पहिल्या पुस्तकातील नजर शिष्याची आहे. तिच्यात ओढ आहे, आदर आहे. प्रश्न मात्र कमी आहेत. छायाचित्रविषयाने छायाचित्रकाराला नकार द्यावा, तिच्याशी वाद घालावा, अशी शक्यता येथे जवळजवळ नाही. ती शक्यता मोना अहमद यांच्यामुळे निर्माण झाली. म्हणून सिंग यांच्या कलात्मक वाढीचा खरा टप्पा पहिल्या आणि शेवटच्या ग्रंथातील साम्यात न शोधता, गुरूच्या छायाचित्राकडून मैत्रिणीच्या छायाचित्राकडे झालेल्या प्रवासात शोधावा लागतो. तंत्र आणि रचना यांची बीजे १९८६ मध्ये होती. छायाचित्रविषयाच्या अधिकाराची जाणीव नंतर आली. केवळ मूळ दाखवणारी पुनर्भेट ही नंतरची कमाई झाकून टाकू शकते.

समारोप

१५ डिसेंबर २०२४ रोजी झाकिर हुसेन यांचे निधन झाले. २०१९ मध्ये एका कलावंताच्या आत्मपरीक्षणाचे साधन असलेले हे पुस्तक आता एका वादकाच्या तारुण्याचा दस्तऐवजही झाले आहे. तीच पाने, तोच क्रम. वाचकाच्या ठिकाणी मात्र निराळा भाव. छायाचित्राचा अर्थ घेणाऱ्याच्या हाती कायम राहत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

कलाशिक्षणाच्या दृष्टीनेही या पुस्तकाचे महत्त्व आहे. आपल्या महाविद्यालयांतून विद्यार्थ्याचे मूल्यमापन बहुधा अंतिम सादरीकरणावर होते. परीक्षा संपली की कच्च्या प्रती, टाकून दिलेल्या मांडण्या आणि वगळलेली छायाचित्रे रद्दीत जातात. आज भ्रमणध्वनीमुळे विद्यार्थ्यांजवळ छायाचित्रांची वाण नाही. वाण आहे ती त्यांच्याकडे परत येण्याच्या सवयीची. सिंग यांची डमी रद्दीत गेली असती तर १९८६ चे छापील पुस्तक उरले असते, पण विचार करणारी विद्यार्थिनी नाहीशी झाली असती.

तालाचे आवर्तन समेवर परतते तेव्हा मात्रा तीच असते. परंतु मधल्या वाटचालीमुळे तिचे वजन वाढलेले असते. ‘झाकिर हुसेन माकेट’ ही अशी समेवरची परत भेट आहे. तिचे मोल ठरवताना मधल्या आवर्तनाचा, त्यात हातून सुटलेल्या आणि नव्याने मिळालेल्या गोष्टींचा हिशेब मांडला, तरच विद्यार्थिदशेतील कामाला आणि नंतरच्या कलावंताला एकाच वेळी न्याय मिळू शकतो.