'ग्रॅव्हिटी' : उंची सांगितली, पत्ता राहिला

अल्फोन्सो क्वारोन यांनी दिग्दर्शित केलेला 'ग्रॅव्हिटी' हा चित्रपट २०१३ साली प्रदर्शित झाला आणि पुढच्या वर्षी त्याला सात ऑस्कर पारितोषिके मिळाली. विज्ञान मंडळात मुलांना कोणता चित्रपट दाखवावा असा प्रश्न निघाला की याचे नाव हमखास पुढे येते. चित्रपट म्हणून तो उत्तम आहे, याविषयी आमचे दुमत नाही. परंतु ज्याचे नावच 'गुरुत्वाकर्षण' आहे, त्याच्याकडून गुरुत्वाकर्षणाविषयी मुले काय शिकतील, हे तपासणे शिक्षकाचे काम आहे. ते येथे करून पाहू.

कथा थोडक्यात अशी. हबल दुर्बिणीची दुरुस्ती चालू असताना, क्षेपणास्त्राने फोडलेल्या एका रशियन उपग्रहापासून तुकड्यांचा लोंढा तयार होतो आणि त्यात स्पेस शटल नष्ट होते. वाचलेले दोघे अंतराळवीर, डॉ. स्टोन व कोवाल्स्की, पाठीवरच्या वायुयंत्राच्या साहाय्याने आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाकडे निघतात. तेथे कोवाल्स्कीचा अंत होतो. स्टोन सोयुझ यानातून चीनच्या तिआनगोंग स्थानकाकडे जाते आणि तेथील यानातून पृथ्वीवर उतरते.

आधी जमेची बाजू पाहू. निर्वात जागेत स्फोट होतात, पण आवाज ऐकू येत नाही. आधारापासून सुटलेली स्टोन गरगरत राहते, कारण तिला थांबवायला तेथे हवा नाही. अग्निशामक नळकांड्यातून वायू एका दिशेला सोडला की ती उलट दिशेला ढकलली जाते. न्यूटनचा पहिला आणि तिसरा नियम इतक्या स्पष्टपणे दाखवणारी दृश्ये फार थोड्या चित्रपटांत सापडतील. यांत्रिकीचा धडा शिकवताना ती जरूर वापरावीत.

आमची तक्रार सुरू होते ती कक्षेपाशी. चित्रपट सुरू होताना पडद्यावर आपल्याला सांगितले जाते की आपण पृथ्वीपासून ६०० किलोमीटर उंचीवर आहोत. मग पुढचा सगळा प्रवास असा घडतो, की जणू एवढ्या उंचीवर एक मोठे मैदान पसरले आहे, त्यात तीन घरे आहेत आणि एका घरातून दुसरे दिसले की तिकडे तोंड करून निघायचे. वर्तमानपत्रे आणि कित्येक पाठ्यपुस्तकेही उपग्रहाची ओळख अशीच एका आकड्याने करून देतात: 'इतक्या किलोमीटर उंचीवर सोडला.' पण उंची म्हणजे उपग्रहाचा पत्ता नव्हे. पुरा पत्ता द्यायचा तर सहा आकडे लागतात.

पहिला आकडा कक्षेच्या लांबीरुंदीचा, म्हणजे लंबवर्तुळाच्या अर्ध्या दीर्घ अक्षाचा. प्रदक्षिणेला लागणारा वेळ याच एका आकड्यावरून ठरतो. केप्लरचा तिसरा नियम तो हाच. दुसरा आकडा लंबवर्तुळ किती लांबट आहे ते सांगतो. त्याला विमध्यता म्हणतात; वर्तुळासाठी ती शून्य असते. तिसरा आकडा कक्षेच्या कलाचा: कक्षेचे प्रतल विषुववृत्ताच्या प्रतलाशी किती अंशांचा कोन करते? चौथा आकडा पाताचा. दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना उपग्रह विषुववृत्त जेथे ओलांडतो, तो आरोही पात. वसंतसंपाताच्या दिशेपासून तो किती अंशांवर आहे, ते या आकड्यावरून कळते. पात ही कल्पना आपल्याला नवी नाही. पंचांगातले राहू आणि केतू म्हणजे चंद्राच्या कक्षेचे दोन पातच. फरक एवढाच की ते विषुववृत्तावर नव्हे, तर क्रांतिवृत्तावर मोजलेले असतात. पाचवा आकडा सांगतो की पृथ्वीला सर्वांत जवळचा बिंदू, म्हणजे उपभू, पातापासून किती अंशांवर आहे. सहावा आकडा सांगतो की एका ठरावीक क्षणी उपग्रह कक्षेवर नेमका कोठे आहे. पहिल्या दोन आकड्यांनी कक्षेचा आकार ठरतो, पुढच्या तिघांनी ती अवकाशात कशी ठेवली आहे ते ठरते आणि शेवटच्याने उपग्रहाची जागा.

आता हे माप चित्रपटाला लावू. हबल दुर्बीण त्या काळी सुमारे ५५० किलोमीटर उंचीवर होती आणि तिच्या कक्षेचा कल २८.५ अंश आहे. अंतराळस्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर असून त्याचा कल ५१.६ अंश आहे. तिआनगोंग-१ चा कल ४२.८ अंश होता. ते २०१८ मध्ये वातावरणात शिरून नष्ट झाले. हे आकडे कोणी मनात येईल तसे ठरवलेले नाहीत. हबलला नेणारे शटल उडाले ते फ्लोरिडातून, २८.५ अक्षांशावरून. तेथून सरळ पूर्वेला उड्डाण केले तर पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फिरण्याचा सर्वांत जास्त फायदा मिळतो आणि कक्षेचा कल अक्षांशाएवढा येतो. स्थानकाकडे बैकोनूरहून रशियन यानेही जायला हवी होती. बैकोनूर सुमारे ४६ अक्षांशावर आहे आणि तेथून सरळ पूर्वेला उडाले तर अग्निबाणाचे टप्पे चीनच्या भूमीवर पडण्याचा धोका असतो. म्हणून कल ५१.६ अंश.

हबलपासून स्थानकापर्यंत उतरायला काय लागेल? ५५० किलोमीटरवर कक्षेतला वेग सेकंदाला सुमारे ७.५९ किलोमीटर, तर ४०० किलोमीटरवर ७.६७ किलोमीटर असतो. नुसती उंची बदलायची तर एकूण वेगबदल सेकंदाला ८५ मीटरच्या आसपास लागतो. खरी अडचण प्रतलाची आहे. वर्गात फळ्यावर किंवा वहीत हे सहज दाखवता येईल. सेकंदाला एक किलोमीटर वेग म्हणजे एक सेंटिमीटर असे प्रमाण घ्या. एकाच बिंदूतून ७.६ सेंटिमीटर लांबीचे दोन बाण काढा, दोघांमध्ये २३ अंशांचा कोन ठेवा आणि त्यांची टोके जोडा. ही तिसरी बाजू सुमारे ३ सेंटिमीटर भरेल. म्हणजे वेगाचे मान तेवढेच ठेवून नुसती दिशा वळवायला सेकंदाला ३ किलोमीटरचा वेगबदल हवा! तोही दोन्ही कक्षांचे पात एकाच जागी आले तर. पात समोरासमोर असतील, तर दोन प्रतलांमधला कोन ८० अंशांवर जातो आणि तिसरी बाजू बाणांपेक्षाही लांब होते.

कोवाल्स्कीच्या पाठीवर आहे तसे वायुयंत्र १९८४ मध्ये खरोखर वापरले गेले. ब्रूस मॅक्‌कँडलेस त्याच्या मदतीने शटलपासून मोकळे होऊन तरंगले होते. त्या यंत्रातल्या नायट्रोजनने मिळू शकणारा एकूण वेगबदल सेकंदाला सुमारे २५ मीटर होता. लागणार त्याच्या १२० पट.

यावर कोणी म्हणेल, की ही कथा आहे. दिग्दर्शकाने तिन्ही स्थानके एकाच कक्षेत आणून ठेवली असे समजा. ठीक आहे, समजू. तरीही पुढची चूक उरतेच. समजा स्थानक आपल्याच कक्षेत काही अंतर पुढे आहे. चित्रपटात पात्रे त्याच्याकडे नेम धरतात आणि जोर लावतात. प्रत्यक्षात पुढच्या दिशेने वेग वाढवला की कक्षा मोठी होते, प्रदक्षिणेचा वेळ वाढतो आणि आपण मागे पडतो. वेग सेकंदाला १० मीटरने वाढवला, तर ४०० किलोमीटर उंचीवरचे यान एका प्रदक्षिणेनंतर सुमारे १६५ किलोमीटर मागे पडलेले असते. पुढच्याला गाठायचे तर आधी वेग कमी करून खालच्या, लहान कक्षेत उतरावे लागते. हा धडा अंतराळवीरांनीही अनुभवातून घेतला. जून १९६५ मध्ये जेमिनी-४ यानातून जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच अग्निबाणाच्या सुटलेल्या टप्प्याजवळ जाण्याचा प्रयत्न केला. टप्पा डोळ्यांना दिसत होता, पण त्याच्या दिशेने जोर लावून तो हाती येईना. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जेमिनी-६ने जेमिनी-७ला नीट हिशेब करून गाठले.

आमच्या मते सर्वांत गंभीर चूक मात्र वेगळीच आहे. स्टोनचा पाय स्थानकाशी दोरांत अडकला आहे आणि तिच्या हातातल्या पट्ट्याला कोवाल्स्की लोंबकळतो आहे. दोघेही स्थानकाच्या संदर्भात थांबलेले दिसतात. तरी त्याला कोणते तरी बळ बाहेर ओढते आहे. पट्टा सोडला नाही तर दोघेही जातील, म्हणून तो स्वतः पट्टा सोडतो. कड्यावरून लोंबणाऱ्या माणसाचे हे दृश्य जसेच्या तसे अंतराळात नेले आहे. पण कड्याखाली दरी असते. येथे काय आहे? स्थानक, स्टोन आणि कोवाल्स्की तिघेही पृथ्वीकडे सारख्याच त्वरणाने पडत आहेत. दहा मीटर अंतरामुळे पृथ्वीच्या ओढीत जो सूक्ष्म फरक पडतो, त्यातून पोशाखासकट २०० किलोग्रॅम भरणाऱ्या माणसावर येणारे बळ एका ग्रॅमच्या वजनाहूनही कमी असते. पट्ट्याला हलकासा हिसका दिला असता तर कोवाल्स्की तरंगत तिच्याजवळ आला असता. बचावादाखल म्हणता येईल की दोर अजून ताणले जात होते, ते दोघे पुरते थांबलेच नव्हते. तसे असेल तर ते पडद्यावर दिसायला हवे होते. दिसते ते उलटेच.

स्थानकांच्या जागा बदलणे आणि नियम बदलणे यांत आम्ही फरक करतो. जागा चुकल्या तर शिक्षकाला एका वाक्यात दुरुस्ती करता येते. नियम चुकला तर मुलाच्या मनात चुकीचे चित्र पक्के बसते. 'अंतराळात गुरुत्वाकर्षण नसते' असे मुले म्हणतात. ४०० किलोमीटरवरही ते जमिनीवरच्या सुमारे ८९ टक्के असते. मुले ते नाही म्हणतात आणि चित्रपट ते कड्यासारखे बाहेरच्या बाजूला ओढताना दाखवतो. कक्षा म्हणजे सतत पडत राहणे, ही मूळ गोष्ट दोघांकडूनही निसटते.

तुकड्यांच्या लोंढ्याविषयी आमचा निकाल संमिश्र आहे. तुकडे दर ९० मिनिटांनी परत येतात, ही कल्पना चुकीची नाही; खालच्या कक्षांमधल्या प्रदक्षिणेचा तो अंदाजे वेळ आहे. १५ नोव्हेंबर २०२१ रोजी रशियाने आपला कॉसमॉस-१४०८ हा निकामी उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला, तेव्हा स्थानकावरील अंतराळवीरांना परतीच्या यानांत आश्रय घ्यावा लागला आणि स्थानक दर ९० मिनिटांनी त्या ढगाजवळून जात होते. आठ वर्षांपूर्वीची कथा अशी खरी ठरली, याचे श्रेय चित्रपटाला द्यायला हवे. मात्र याच लोंढ्याने दळणवळण उपग्रहही एकामागून एक बंद पाडल्याचे चित्रपट सांगतो. शटलशी आणि हबलशी संपर्क राखणारे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. काही शे किलोमीटरवरचे तुकडे तेथे पोहोचणार कसे? पुन्हा तेच: पत्त्यातला पहिला आकडासुद्धा पाहिलेला नाही.

एवढी बारकाई कशाला, असे वाटेल. १६ जानेवारी २००३ रोजी उडालेल्या कोलंबिया यानाच्या पंखाला उड्डाणातच इजा झाली होती. १ फेब्रुवारीला परतताना ते वातावरणात तुटले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही जण गेले. तेव्हा अनेकांनी विचारले, 'वर अंतराळस्थानक होते ना, मग ते तिकडे का गेले नाहीत?' उत्तर तिसऱ्या आकड्यात आहे. कोलंबियाच्या कक्षेचा कल ३९ अंश होता, स्थानकाचा ५१.६ अंश. मघाचीच आकृती १२.६ अंशांचा कोन घेऊन काढा. तिसरी बाजू सुमारे १.७ सेंटिमीटर येईल, म्हणजे सेकंदाला १.७ किलोमीटर. शटलची कक्षेतली इंजिने भरल्या टाकीनेही सेकंदाला ३०० मीटरच्या आसपासच वेगबदल देऊ शकत. स्थानक वर होते, पण कोलंबियासाठी ते नसल्यासारखेच होते.

याच कारणाने २००४ मध्ये हबलची शेवटची दुरुस्ती रद्द झाली होती: संकट आले तर तेथून स्थानकाचा आसरा घेता येत नव्हता. २००६ मध्ये ती पुन्हा मंजूर झाली आणि मे २००९ मध्ये अटलांटिस यान हबलकडे निघाले, तेव्हा सुटकेसाठी एन्डेव्हर हे दुसरे यान दुसऱ्या प्रक्षेपणतळावर उभे करून ठेवले होते. 'ग्रॅव्हिटी'मध्ये पाठीवरच्या वायुयंत्राने पार पडणारा प्रवास प्रत्यक्षात इतका अशक्य होता, की त्यासाठी आणखी एक अख्खे शटल सज्ज ठेवावे लागले.

तेव्हा चित्रपट दाखवावा की नाही? दाखवावा, असेच आम्ही म्हणू; पण पृथ्वीचा गोल जवळ ठेवून. दोन तारांची दोन कडी करा. एक विषुववृत्ताशी साधारण २८ अंशांनी तिरके बसवा, दुसरे ५२ अंशांनी. त्यावर दोन मणी सरकवा आणि मुलांना विचारा: या मण्यावरून त्या मण्यावर कसे जाल? दोन्ही कडी दोनच ठिकाणी एकमेकांना ओलांडतात आणि तेथेही मण्यांच्या दिशा वेगळ्या असतात, हे मुलांना आपोआप दिसेल. मग चित्रपट लावा. कोवाल्स्की पट्टा सोडतो त्या क्षणी तो थांबवा आणि एवढेच विचारा: 'त्याला कोण ओढते आहे?' या प्रश्नाचे उत्तर वर्गाला स्वतः शोधता आले, तर चित्रपट दाखवल्याचे सार्थक झाले.