संशयाला श्रोता हवा : ‘स्मृतिचित्रे’चे पुनर्वाचन

मराठी ख्रिस्ती वाङ्मयात लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे स्थान वादातीत आहे. 1934 पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथेची वाखाणणी बहुधा तिच्यातील प्रसन्न विनोदासाठी आणि निर्व्याज भाषेसाठी होते. ती योग्यच आहे. तथापि नागपूरच्या वाचकांनी हा ग्रंथ आणखी एका दृष्टीने वाचावा, असे आम्हांला वाटते. श्रद्धेविषयी मनात शंका उठल्या म्हणजे माणसाने त्या कोणापाशी बोलाव्यात, हा प्रश्न या ग्रंथाच्या तळाशी आहे. आणि त्या कथेचा एक धागा आपल्याच शहरातून जातो.

नारायण वामन टिळक नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्याकडे संस्कृत ग्रंथांच्या संपादनाचे काम करीत होते. पुढे 1893 च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांची एका युरोपियन सहप्रवाशाशी गाठ पडली. त्याने टिळकांशी आस्थेने संभाषण केले, नव्या कराराची प्रत त्यांच्या हाती ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. त्याचे नावही टिळकांना कळले नाही. टिळक डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन थबकले, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

या प्रसंगातील अद्भुताचेच कौतुक फार होते. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते त्या अनोळखी माणसाचे वर्तन. त्याने वादात जिंकण्याचा हट्ट धरला नाही. वाचायला ग्रंथ आणि विचार करायला अवकाश दिला. शंकाकुल माणसाला याहून अधिक काय हवे असते?

पण नाण्याची दुसरी बाजू लक्ष्मीबाईंनी दाखविली आहे. टिळकांना परके का होईना, श्रोते मिळाले. त्यांच्या पत्नीला कोण होते? हा निर्णय तिच्या संमतीने झालेला नव्हता, आणि त्यानंतर काही वर्षांची ताटातूट तिच्या वाट्याला आली. टिळकांच्या मनातील खळबळ ‘स्मृतिचित्रे’त त्रोटकच येते. काही वाचक यास ग्रंथाची उणीव म्हणतील. आमच्या मते हीच त्याची सचोटी होय. जे आपल्याला सांगितले गेले नाही ते लेखिका कल्पनेने भरून काढीत नाही. तिच्या मौनातूनच एका न झालेल्या संभाषणाची किंमत कळते.

लक्ष्मीबाईंचा स्वतःचा प्रवास तर अधिक एकाकी. सोवळ्याओवळ्याचा अतिरेक करणाऱ्या वडिलांच्या घरी त्या वाढल्या. जातिभेद देवाने केले की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला, उत्तर सापडताच आचरणात आणले, आणि 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. पतीमागोमाग निमूटपणे गेलेली पत्नी असे त्यांचे वर्णन करणे म्हणजे ग्रंथ न वाचणे होय.

टिळक दांपत्य अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे प्रॉटेस्टंट. म्हणून हा प्रश्न कॅथलिकांना परका ठरत नाही. 1887 साली स्थापन झालेल्या आपल्या धर्मप्रांताचे कॅथीड्रल ज्यांच्या नावाने आहे, ते संत फ्रान्सिस डी सेल्स तरुणपणी पॅरिसमध्ये शिकत असताना आपले तारण होणारच नाही या भयाने खचून गेले होते. त्यातून सावरलेल्या या संताने पुढे संसारी माणसांना पत्रांतून धीर दिला; 1609 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा भक्तिजीवनावरील ग्रंथ अशाच मार्गदर्शनातून घडला. मदर तेरेसांनीही अंतरीचा दीर्घ काळोख आपल्या धर्मगुरूंपाशीच उघड केला होता, हे 2007 मध्ये त्यांची पत्रे प्रसिद्ध झाल्यावर जगाला कळले. शंका म्हणजे श्रद्धेचा अभाव नव्हे, याला आणखी पुरावा कशाला?

धर्मग्रामातील आपल्या कुटुंबांना येथे थांबून विचार करावा लागेल. प्रायश्चित्त संस्कारात आपण पापे सांगतो. पण मुलाच्या मृत्यूनंतर प्रार्थना करवत नाही, मिस्साला बसूनही मन कोरडे राहते, हे पाप नव्हे. ते सांगायला वेगळी बैठक आणि सवड लागते. फादरांना अनेक व्याप असतात हे खरे. परंतु त्यांना केवळ प्रमाणपत्रांसाठी आणि लग्नाच्या तारखांसाठी भेटणारे आपणच नाही का? आणि घरातला तरुण शंका विचारू लागला की त्याला गप्प बसविणारेही आपणच. मग तो आपली शंका बाहेर नेतो, आणि घरी उरते ते लक्ष्मीबाईंना सोसावे लागले तसले अंतर.

‘स्मृतिचित्रे’ उपदेश करीत नाही, म्हणूनच त्याचा हा बोध मनाला भिडतो. शंकेला उत्तर मिळाले नाही तरी माणूस तग धरतो. पण ती ऐकणारा कोणी नसेल, तर एका छपराखाली राहणारी माणसेही एकमेकांना दुरावतात. हा ग्रंथ घरातल्या सर्वांनी मिळून वाचावा आणि वाचून झाल्यावर एकमेकांशी बोलावे, एवढीच आमची शिफारस आहे.