प्रॉम्प्ट : शोभा की सूचना?

संगणकाला टंकून आज्ञा देण्यापूर्वी पडद्यावर जे चिन्ह दिसते, त्याला प्रॉम्प्ट म्हणतात. ‘आज्ञेची वाट पाहतो आहे’ एवढेच सांगणे हे त्याचे काम, असा समज आहे. आम्हांस तो अपुरा वाटतो. ‘येथील सर्व फायली पुसून टाक’ असे सांगताना ‘येथील’ म्हणजे कोठील, हे समोर दिसायलाच हवे.

१९८३ साली डॉस २.० मध्ये डिरेक्टरींची उतरंड आली. प्रॉम्प्ट मात्र ‘सी>’ असाच राहिला. पूर्ण मार्ग दिसण्यासाठी ‘प्रॉम्प्ट $पी$जी’ ही आज्ञा वापरणाऱ्यानेच द्यायची!

लिनक्सच्या बॅश शेलमध्ये प्रॉम्प्टचे रूप ‘पीएस१’ या चलात साठवलेले असते. उबुंटू त्यात पूर्ण मार्ग दाखवते. २०२२ च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ मध्ये मात्र मूळ मांडणीत डिरेक्टरीचे शेवटचे नावच दिसते. प्रॉम्प्ट आटोपशीर होतो खरा. पण ‘नववी/गुण’ आणि ‘दहावी/गुण’ या दोन्ही ठिकाणी नुसते ‘गुण’! प्रयोगशाळेतील दोन बाटल्यांवर केवळ ‘आम्ल’ लिहिण्यासारखेच हे. पीएस१ मधील मोठ्या लिपीतील ‘डब्ल्यू’ लहान केला की हा दोष जातो.

याउलट, साध्या वापरकर्त्यास ‘$’ आणि सर्वाधिकारी ‘रूट’ला ‘#’ ही युनिक्सची जुनी प्रथा उत्तम. एका चिन्हात केवढा इशारा! घड्याळ, रंग, चित्रे यांच्या गर्दीत तो हरवू नये.

विद्यार्थ्यांना प्रॉम्प्ट बदलायला जरूर शिकवावे. कसोटी एकच : जी माहिती पाहून आपण आज्ञा देताना थांबू, ती प्रॉम्प्टमध्ये हवी, बाकीची नको.