एका सिस्टरमागे किती पेशंट?

लिंडा एकेन आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध २००२ च्या ऑक्टोबरात ‘जर्नल ऑफ द अमेरिकन मेडिकल असोसिएशन’मध्ये प्रसिद्ध झाला. जेमतेम सात पानांचा. रुग्णालयातल्या परिचारिकांची संख्या, रुग्णांचे मृत्यू, परिचारिकांचा शिणवटा आणि कामाबद्दलची नाराजी हे सगळे त्याच्या लांबलचक शीर्षकात एका ओळीत बसवले आहे. शोधनिबंध वाचायचे ते माहितीसाठी, रसास्वादासाठी कथा-कविता, अशी आपली सवय आहे. पण या सात पानांत विचाराची जी बांधणी आहे, ती एखाद्या उत्तम निबंधाइतकीच आनंद देते. रुग्णसेवेविषयी गेल्या अर्धशतकात जे लिहिले गेले, त्यात मी या लेखनाला फार वरचे स्थान देईन.

एकेनबाईंनी नर्सिंगची पदवी आणि पदव्युत्तर पदवी फ्लोरिडा विद्यापीठातून घेतली, आणि १९७३ मध्ये टेक्सास विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली ती समाजशास्त्रात. पुढे रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशनमध्ये आरोग्यधोरणावर बरीच वर्षे काम करून १९८८ मध्ये त्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्राध्यापक झाल्या आणि तिथे त्यांनी रुग्णालयांच्या कामाचे परिणाम तपासणारे संशोधन केंद्र उभे केले. वॉर्ड आतून पाहिलेली नजर आणि संस्था मोजण्याचे समाजशास्त्राचे हत्यार या दोन्ही गोष्टी त्यांच्याकडे एकत्र आल्या. १९९४ च्या त्यांच्या एका अभ्यासात याची चुणूक दिसते. नर्सच्या टंचाईच्या काळातही जिथे नर्स टिकून राहत, अशी ३९ रुग्णालये त्यांनी घेतली आणि त्यांच्यासारख्याच १९५ रुग्णालयांशी ताडून पाहिली. वयस्क रुग्णांचे मृत्यू या ३९ ठिकाणी ४.६ टक्क्यांनी कमी निघाले.

२००२ च्या निबंधाचे खरे सौंदर्य त्याच्या पद्धतीत आहे. एखाद्या रुग्णालयात नर्स किती, हे शोधायचे तर साधारणपणे व्यवस्थापनाकडचे आकडे मागवले जातात. पण पगारपत्रकावर ओपीडीतल्या नर्स असतात, कार्यालयात बसणाऱ्याही असतात. रुग्णाच्या खाटेशी प्रत्यक्ष कोण उभे आहे, ते त्यातून कळत नाही. म्हणून या संशोधकांनी राज्याच्या नोंदणीपटावरून पेनसिल्व्हेनियातल्या निम्म्या नोंदणीकृत नर्स निवडल्या आणि प्रश्नावली थेट त्यांना पाठवली. त्यातला कळीचा प्रश्न अगदी साधा होता: तुमच्या शेवटच्या पाळीत तुमच्याकडे किती रुग्ण होते? १६८ रुग्णालयांतल्या १०,१८४ नर्सची उत्तरे अभ्यासाला मिळाली. हे करताना त्यांनी ज्ञानाचा उगमच बदलला. वॉर्डात काय चालले आहे याची अधिकृत साक्ष वॉर्डात काम करणारीची, हे त्यांनी गृहीत धरले आणि मग ती साक्ष २,३२,३४२ शस्त्रक्रिया-रुग्णांच्या नोंदींशी जुळवली.

निबंधाचा गाभा कळायला ‘वाचवण्यात अपयश’ ही त्यातली संज्ञा समजून घ्यावी लागते. ती जेफ्री सिल्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडली. सिल्बर हे या निबंधाचेही एक लेखक. ऑपरेशननंतर गुंतागुंत होणे बऱ्याचदा रुग्णाच्या वयावर, आधीच्या आजारांवर अवलंबून असते. ती झाल्यावर रुग्ण वाचतो की जातो, हे मात्र बरेचसे रुग्णालयावर अवलंबून असते; तो गेला तर ते ‘वाचवण्यात अपयश’. या अभ्यासात ५३,८१३ रुग्णांना, म्हणजे २३.२ टक्क्यांना, मोठी गुंतागुंत झाली आणि त्यांतले ८.४ टक्के दगावले.

कागदावरचे हे अपयश वॉर्डात कसे दिसते? पोटाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस, पहाटेचे तीन. रुग्णाची नाडी ९० वरून ११० वर गेली आहे. श्वास थोडा वाढला आहे. युरीन बॅगेत गेल्या दोन तासांत फारसे काही उतरलेले नाही. बीपी अजून ठीक आहे. रुग्ण उगाच चादर ओढतो आहे, विचारले तर ‘बरं वाटत नाही’ एवढेच म्हणतो. यातली एकेक खूण एकटी पाहिली तर क्षुल्लक. चारही एकत्र पाहिल्या तर पोटात संसर्ग किंवा रक्तस्राव असू शकतो. त्या एकत्र पाहायला कुणीतरी मध्यरात्री त्याच खाटेशी आलेले असावे लागते, संध्याकाळी पाळीचा ताबा (ओव्हर) घेताना तो कसा होता हे त्याला आठवावे लागते, आणि निवासी डॉक्टरला उठवण्याइतकी खात्री वाटावी लागते. ज्या सिस्टरकडे चार रुग्ण आहेत तिला हे जमते. जिच्याकडे आठ आहेत ती त्या वेळी पाचव्या खाटेची सलाईन बदलत असते. तिची हुशारी आणि तिची माया तेवढीच असते, पण ती तिथे नसते.

आता निबंधाचे मुख्य वाक्य वाचावे. एका नर्सकडे सरासरी एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता, म्हणजे संख्याशास्त्रातले ‘ऑड्स’, ७ टक्क्यांनी वाढते. वाचवण्यात अपयश येण्याची शक्यताही तितकीच. ही वाढ चक्रवाढ व्याजासारखी चढते, म्हणून चारवरून आठवर जाताना ती २८ नव्हे, ३१ टक्के होते. टक्क्यांत बोलून लेखक थांबत नाहीत, ते माणसांत बोलतात: सगळीकडे चारऐवजी आठचे प्रमाण असते, तर दर हजार रुग्णांमागे ५ मृत्यू जास्त झाले असते. एकूण मृत्यूचे प्रमाणच २ टक्के, म्हणजे हजारी सुमारे २० होते, हे लक्षात घेतले की या ५ चे वजन कळते.

निबंधाचा उत्तरार्ध मला पूर्वार्धाइतकाच मोलाचा वाटतो. तोच एक जादा रुग्ण नर्सच्या शिणवट्याची शक्यता २३ टक्क्यांनी आणि नाराजीची १५ टक्क्यांनी वाढवतो. शिणलेल्या आणि नाराज नर्सपैकी ४३ टक्के वर्षभरात नोकरी सोडायच्या विचारात होत्या. ना शिणलेल्या, ना नाराज, अशांपैकी फक्त ११ टक्के. रुग्णाचे मरण आणि परिचारिकेचे थकणे एकाच तक्त्यांच्या मालिकेत ठेवणे, हा या लेखनातला सगळ्यात करुणामय निर्णय आहे. सेवाभावाचे गोडवे गाऊन ज्या थकव्यावर पांघरूण घातले जाते, त्याला इथे मोजमापाची प्रतिष्ठा मिळते.

आणि हे सारे किती संयमाने! रुग्णांचे वय, शस्त्रक्रियेचा प्रकार, जुने आजार, रुग्णालयाचा आकार, तिथे हृदयशस्त्रक्रिया किंवा अवयवरोपण होते का, हे सगळे हिशेबात घेऊनही आपला अभ्यास एकाच काळातला आहे, त्यावरून कार्यकारणभाव पक्का ठरत नाही, असे लेखक सांगतात. प्रश्नावलीला उत्तर देणाऱ्यांचे प्रमाण ५२ टक्के होते, हेही लपवत नाहीत. त्या सुमारास कॅलिफोर्नियात किमान प्रमाण कायद्याने ठरवण्यावरून वाद पेटला होता. कुणी एका नर्समागे तीन रुग्ण म्हणत होते, कुणी दहा. अशा वेळी आवाज चढवण्याचा मोह त्यांनी टाळला. तिथला कायदा २००४ पासून अमलात आला.

एकेनबाईंच्या पुढच्या कामावर धावती नजर टाकली तरी पुरे. २००३ मध्ये याच माहितीतून त्यांनी दाखवले की पदवीधर नर्सचे प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असले की मृत्यूची शक्यता ५ टक्क्यांनी कमी असते. २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये युरोपातल्या नऊ देशांचा अभ्यास आला: ३०० रुग्णालये, ४,२२,७३० रुग्ण. देश वेगळे, विमा वेगळा, नर्सचे शिक्षण वेगळे. जादा रुग्णामागे मृत्यूच्या शक्यतेतली वाढ पुन्हा ७ टक्के.

हे आकडे उचलून आपल्या वॉर्डांना तसेच चिकटवता येणार नाहीत. आपल्याकडे रुग्णाला कुशीवर वळवणे, भरवणे, लघवीचे भांडे देणे ही कामे बरेचदा नातेवाईक करतात, आणि कॉट भरल्या की जमिनीवर गाद्या पडतात. म्हणूनच आपले मोजमाप आपणच करायला हवे. बी.एस्सी. नर्सिंगला संशोधन आणि संख्याशास्त्र हा विषय आहे, विद्यार्थ्यांना प्रकल्पही करावा लागतो. हा विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे की हा निबंध तक्त्यांसकट वर्गात वाचून घ्या. आणि पुढच्या तुकडीच्या प्रकल्पांपैकी निदान एक तरी आपल्याच रुग्णालयाच्या रात्रपाळीवर होऊ द्या: कोणत्या वॉर्डात, कोणत्या रात्री, एका सिस्टरकडे किती रुग्ण होते.