भिंतीखाली कोणाचे प्रारब्ध?

माउली, आपल्या प्रवचनांतून ‘प्रारब्ध’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. पीक गेले, प्रारब्ध. तरणा मुलगा गेला, प्रारब्ध. घाटात गाडी उलटली, तरी प्रारब्धच. शब्द शास्त्रातला आहे, संतांनी वापरलेला आहे, तो टाकून द्या असे मी म्हणणार नाही. पण तो कोणी, कोणाविषयी आणि केव्हा उच्चारावा याचा विचार सुटला आहे, आणि तो करायला कोयनानगरासारखी दुसरी जागा नाही.

साल 1967. मार्गशीर्षाचा शुद्ध पक्ष, गीताजयंती तोंडावर आलेली. 11 डिसेंबरच्या पहाटे, चार वाजून गेल्यावर, काकड्याच्या वेळी कोयना खोरे हादरले. सुमारे 180 माणसे गेली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली. 103 मीटर उंचीच्या धरणाला तडे गेले, पण धरण उभे राहिले. पडली ती घरे.

या भूकंपाचा दृष्टांत आपण कीर्तनात ऐकला असेल. एका घरात दोघे शेजारी निजलेले; भिंत पडली, एक गेला, दुसऱ्याला ओरखडाही नाही. मग बुवा टाळकऱ्यांकडे पाहतात, क्षणभर थांबतात आणि म्हणतात, ज्याचे त्याचे प्रारब्ध! श्रोते मान डोलावतात. दृष्टांत परिणामकारक आहे यात शंका नाही. माझा आक्षेप त्याच्या आरंभावर आहे. तो अंथरुणापासून सुरू होतो. भिंतीपासून का सुरू होत नाही?

ती भिंत दगडमातीची होती. दगडाला दगड नीट न जोडता, मधे चिखल भरून रचलेली, वर छपराचे ओझे. गरिबाला तशीच परवडते, म्हणून त्याला दोष नाही. पण ती आकाशातून पडलेली नव्हती, हातांनी रचलेली होती. त्याच खोऱ्यात त्याच धक्क्याला धरणाची भिंत टिकली, कारण ती हिशेबाने बांधलेली होती. आणि तडे गेल्यावर तिला मागून काँक्रीटचा आधार देऊन बळकट केले गेले. धरणाच्या तड्याला कोणी प्रारब्ध म्हटले नाही. तेथे अभियंते बोलावले. मग माणसांच्या घराच्या वेळीच आपल्याला कर्मसिद्धान्त का आठवतो?

दृष्टांत आणखी थोडा मागे नेऊ. शिवाजीसागरात पाणी साठू लागले 1962 च्या सुमारास, आणि त्यानंतर लवकरच या भागात लहान धक्के जाणवू लागले. मोठ्या जलाशयामुळे भूकंपाला चालना मिळते याचे जगभर दिले जाणारे प्रमुख उदाहरण म्हणजे आपली कोयना. पण शास्त्रज्ञ असे म्हणत नाहीत की पाण्याने भूकंप निर्माण केला. खडकांत ताण युगानुयुगे साठलेलाच होता, भेग आधीचीच होती. पाण्याच्या भाराने आणि खोल झिरपण्याने तो ताण सुटायला निमित्त मिळाले. हे कोडे उलगडायला पुढे या परिसरात 3 किलोमीटर खोल छिद्र घेऊन खडक तपासला गेला. आता सांगा, संचित आणि क्रियमाण यांचा यापेक्षा चांगला दृष्टांत कोणता? खडकातला ताण हे संचित, वर चढवलेले पाणी हे क्रियमाण. ही उपमा आहे, सिद्धान्त नव्हे; पण ‘सगळे आधीच ठरलेले’ आणि ‘सगळे माणसाच्या हातात’ ही दोन्ही वाक्ये कोयनेच्या खडकावर आपटून फुटतात, हे तिच्यातून दिसते.

आता ग्रंथाकडे येऊ, कारण आधार ग्रंथाचाच घेतला जातो. गीतेच्या अठराव्या अध्यायाच्या चौदाव्या श्लोकात कर्माची पाच कारणे मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवे दैव. प्रवचनात बहुधा पहिली चार घाईने सरकतात आणि पाचव्यावर तास जातो. पण माउलींनी तेथे दैवाचा अर्थ काय केला आहे? कपाळावरची रेघ नव्हे. डोळ्यामागे सूर्य, तशा दहा इंद्रियांमागे अनुग्रहाने उभ्या असलेल्या देवता, त्यांचा समुदाय म्हणजे दैव. शरीर आहे, जीव आहे, इंद्रिये आहेत, प्राणाची हालचाल आहे, आणि या सगळ्याला चालते ठेवणारा देवतांचा अनुग्रह आहे. येथे दैव हात बांधत नाही, ते हाताला बळ देते. ज्ञानेश्वरीत इतरत्र दैव हा शब्द भाग्याच्या अर्थाने येतो, हे खरे. पण जेथे कारणांची रीतसर मोजदाद केली, तेथे माउलींनी तो अर्थ घेतला नाही. ग्रंथ उघडून पाहावा, माझ्या शब्दावर विसंबू नये.

आणि भिंतीखाली गेलेला एक संत आपल्याच संप्रदायात आहे. शके 1260 मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि मजुरांबरोबर चोखोबा गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणल्या. महाद्वारापाशी आपण रोज त्यांना नमस्कार करून आत जातो. चोखोबांना त्या भिंतीखाली कोणी नेले? प्रारब्धाने, असे म्हणून मोकळे होता येते. पण चोखोबा तेथे फिरायला गेले नव्हते, ज्या जातीच्या माथी वेठ मारलेली होती त्या जातीचे म्हणून ते तेथे राबत होते. मागल्या जन्मीच्या दोषाने हा जन्म आला, असा भाव चोखोबांच्या नावावरील अभंगांत आढळतो. तो माणूस स्वतःविषयी तसे म्हणू शकतो. गावच्या पाटलाने त्याच्याविषयी म्हणायचे नाही. आणि चोखोबांचाच मुलगा कर्ममेळा, बापाच्या त्या उत्तरावर समाधान न मानता, थेट देवालाच जाब विचारतो. दोघेही आपल्या गाथेत आहेत. पहिल्याचे अभंग आपण गातो. मुलाचे फारसे गात नाही, याचे मला वाईट वाटते.

तुकोबांचेही तसेच. समाधानावरचा त्यांचा प्रसिद्ध चरण कोणाच्याही अडचणीवर चिकटवला जातो. पण दुष्काळात घरातली माणसे गेल्यावर तुकोबांनी काय केले ते पाहा. मोडलेले देऊळ नीट केले. परंपरा सांगते की लोकांकडून येणे असलेल्या पैशांचे आपल्या वाट्याचे कागद त्यांनी इंद्रायणीत बुडवले. दुष्काळ त्यांच्या हातात नव्हता, सावकारी होती. स्वतःचे दुःख सोसताना ते प्रारब्ध म्हणाले असतील. कुळाला मात्र त्यांनी तसे ऐकवले नाही, त्याची फेड सोडून दिली.

मला दिसते ते एवढेच की प्रारब्ध हा प्रथमपुरुषी शब्द आहे. ‘माझे’ म्हणून उच्चारला की त्याने माणूस सावरतो. ‘त्याचे’ म्हणून उच्चारला की बोलणारा जबाबदारीतून सुटतो, आणि ज्याचे घर पडले तो तसाच दगडमातीत राहतो. कोयनेनंतर 26 वर्षांनी, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून निजलेले किल्लारी आणि भोवतालची गावे कोसळली. भूकंप जवळपास कोयनेच्याच तोडीचा, बळी मात्र दहा हजारांच्या घरात. दख्खनचा दगड हलतो हे कोयनेने दाखवून दिले होते, तरी किल्लारीचा भाग नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या गटात होता. आणि भिंती? त्याच. जाड, दगडमातीच्या, वर मातीच्या धाब्याचा भार.

कोणी म्हणेल, मग वारकऱ्याने देवावर भार टाकायचा की नाही? टाकायचा. पण माळ घालताना आपण काय करतो ते आठवा. ज्याच्या सात पिढ्यांत कोणी एकादशी धरली नाही असा माणूसही एके दिवशी माळ घालतो, खाणेपिणे बदलतो, पाटण खोऱ्यातल्या दिंडीबरोबर पंढरीची वाट धरतो. सगळे ठरलेलेच असते तर आपले फड कोणाला काय सांगत आहेत? कोयनेच्या धरणग्रस्तांना तर पिढ्यांपूर्वीच सांगून झाले होते की जमीन गेली, हे तुमचे नशीब. तरीही 2018 मध्ये ते कोयनानगरात येऊन ठिय्या देऊन बसले.

कोयनेच्या परिसरात धक्के अजून येतात. बहुतेक लहान असतात, भांडी वाजतात, माणसे क्षणभर थांबतात आणि कामाला लागतात. त्या गावांत यंदा सप्ताह असेल, तर काल्याच्या कीर्तनाआधी मंडळींनी घराघरांत जाऊन भिंती एकदा पाहून घ्याव्यात. कोपऱ्यात दगड एकमेकांत गुंतले आहेत का, लाकडी किंवा काँक्रीटचा पट्टा फिरवला आहे का, हे गवंड्याला दाखवावे.