रहस्यकथेची पहिली आवृत्ती

बंगळूरच्या चर्च स्ट्रीटवर वा ॲव्हेन्यू रोडवर जुन्या पुस्तकांत इंग्रजी रहस्यकादंबरी धुंडाळणाऱ्या संग्राहकाच्या हाताशी एक सिद्ध शास्त्र असते. कॉनन डॉइल यांच्या ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ची १९०२ सालची पहिली छपाई तेराव्या पृष्ठावरील मुद्रणदोषावरून ओळखली जाते, तेथे ‘युअर’ऐवजी ‘यू’ पडले आहे. ॲगाथा ख्रिस्ती यांची पहिली कादंबरी न्यूयॉर्कला १९२० मध्ये आणि लंडनला १९२१ मध्ये निघाली, हेही त्याला ठाऊक असते. मात्र एन. नरसिंहय्या यांची कन्नड पत्तेदारी कादंबरी किंवा बाबूराव अर्नाळकर यांची मराठी रहस्यकथा समोर आली, की हे शास्त्र मुके होते.

याचे कारण उघड आहे. ही पुस्तके स्वस्त कागदावर छापली गेली, फिरत्या वाचनालयांतून हातोहात फिरली आणि फाटेपर्यंत वाचली गेली. समीक्षेने त्यांना वाङ्मयाच्या उंबरठ्यावरच थोपविल्यामुळे त्यांच्या आवृत्त्यांची नोंद ठेवण्याचे अगत्य कोणास वाटले नाही.

तथापि पुस्तक स्वतःच साक्ष देत असते. मुखपृष्ठावरील किंमत आण्यांत असेल, तर ते बहुधा दशमान नाणेपद्धती सुरू होण्यापूर्वीचे, म्हणजे १ एप्रिल १९५७ च्या आधीचे मानावे. किंमत ‘नये पैसे’ अशी असेल, तर १९५७ ते १९६४ हा काळ संभवतो. प्रकाशकाच्या पत्त्यात सहा अंकी पिनकोड असेल, तर ते पृष्ठ १९७२ च्या ऑगस्टपूर्वी छापलेले असणे शक्य नाही. ‘बंगळूर, म्हैसूर राज्य’ असा पत्ता सामान्यतः १९७३ पूर्वीचा समजावा. त्या वर्षी राज्याचे नाव कर्नाटक झाले. मराठीत अनुच्चारित अनुस्वारांचीही साक्ष काढता येते. १९६२ च्या शुद्धलेखनविषयक नियमांनी ते गाळले. परंतु जुन्या वळणाचे लेखक व मुद्रक पुढेही ते वापरीत राहिले, म्हणून ही साक्ष दुय्यमच मानावयास हवी.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. शिल्लक राहिलेल्या फर्म्यांना नवे वेष्टन चढविता येते आणि जुन्या किमतीवर नवी चिकटविता येते. म्हणून वेष्टनाचा काळ तोच मजकुराचा काळ, असे गृहीत धरू नये. वेष्टन, शीर्षकपृष्ठ आणि मजकूर यांची साक्ष स्वतंत्रपणे नोंदवावी. १८६७ च्या कायद्यान्वये निघणाऱ्या त्रैमासिक ग्रंथसूचींत आवृत्ती, पृष्ठसंख्या, छापलेल्या प्रती आणि किंमत यांची नोंद होत असे. जेथे त्या उपलब्ध आहेत, तेथे प्रत त्यांच्याशी ताडून पाहावी.

हा खटाटोप केवळ संग्राहकासाठी आहे काय? मुळीच नाही. अर्नाळकरांच्या रहस्यकथांची संख्या हजारावर सांगितली जाते. ‘झुंजार’ वा ‘काळा पहाड’ यांची भाषा, वाक्यांची गती, त्या काळच्या मुंबईचे चित्र यांविषयी जो समीक्षक विधान करतो, त्याच्यापुढे उत्तरकालीन पुनर्मुद्रण असेल आणि मुद्रकाने वा संपादकाने त्यात फेरफार केले असतील, तर त्याचे विधान लेखकाविषयीचे न राहता त्या फेरफारांविषयीचे ठरते. ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांसाठी आपण जी दक्षता मान्य करतो, ती लोकप्रिय कथेला नाकारण्याचे वाङ्मयीन कारण नाही. किंबहुना येथे घाई अधिक आहे. कारण हा कागद ठिसूळ होत चालला आहे आणि अनेक प्रती रद्दीत गेल्या आहेत. सार्वजनिक ग्रंथालयांत उरलेल्या प्रतींची वर्णनात्मक सूची आधी सिद्ध व्हावी. मूल्यमापन त्यानंतरच विश्वसनीय ठरेल.