ओटीपी सांगितला, म्हणजे चूक तुमचीच?

‘ओटीपी कुणाला सांगू नका’ हा मेसेज तुम्हाला शंभरदा आला असेल. सल्ला बरोबरच आहे. पण पैसे गेले की त्याच सल्ल्याच्या आधारे दोष तुमच्या माथी येतो.

केंब्रिजचे संशोधक रॉस अँडरसन यांनी 2001 च्या शोधनिबंधात एटीएमचं उदाहरण दिलंय. ‘हे पैसे मी काढलेच नाहीत’ अशी तक्रार आली, तर अमेरिकेत ग्राहकाची चूक बँकेला सिद्ध करावी लागे. ब्रिटनमध्ये सगळा पुरावा ग्राहकाने द्यायचा. परिणाम? सुरक्षेवर कमी खर्च करूनही अमेरिकी बँकांत फसवणूक कमी. ज्याचं नुकसान होतं, तोच कुलूप नीट लावतो.

आता रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक बघा. पुराव्याची जबाबदारी बँकेवर आहे. दोष तुमचाही नाही, बँकेचाही नाही, तर बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या 3 दिवसांत कळवलंत की तुमचं नुकसान शून्य. छानच! पण गुप्त माहिती तुम्ही दिलीत, तर तो ‘निष्काळजीपणा’, आणि कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. माझा आक्षेप इथेच आहे. बेफिकिरीने सांगितलेला ओटीपी आणि सराईत ठगाने घाबरवून काढून घेतलेला ओटीपी एकाच मापात कसे? अशाने फसव्या फोनपुढे टिकणारी व्यवस्था बँक कशाला उभारेल?

तरी पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. कार्ड ब्लॉक करा, 1930 ला फोन करा, बँकेकडून तक्रार क्रमांक घ्या. त्या परिपत्रकानुसार कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं.